‘निसर्ग बघून घेईल’ म्हणणाऱ्यांशी भांडण

‘निसर्ग आपलं बघून घेईल’ हे वाक्य गेल्या तीन वर्षांत मी इतक्या लोकांकडून ऐकलंय, की आता त्यावर नीट भांडायची वेळ आली आहे. ऑफिसातल्या सहकाऱ्यांकडून ऐकलं, ट्रेलवर भेटलेल्या एका निवृत्त शिक्षकाकडून ऐकलं, आणि मराठी मंडळाच्या पिकनिकला कणसं भाजता भाजता आमच्याच एका काकांकडूनही ऐकलं. म्हणणाऱ्याला आपण फार समंजस काहीतरी बोललो असं वाटत असतं. माणसाने लुडबूड कमी करावी, सृष्टीला तिचं काम करू द्यावं, वगैरे. ऐकायला बरं वाटतं. पण निदान एका झाडाच्या बाबतीत या वाक्याचा अर्थ सरळसरळ ‘मरू दे’ असा होतो, आणि तो तसा होतो हे म्हणणाऱ्याला माहीत नसतं.

ते झाड म्हणजे पूर्व अमेरिकेतलं हेमलॉक. मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो, पोटासाठी कोड लिहितो, आणि हिवाळ्यातले जमतील तेवढे शनिवार डोंगरात स्वयंसेवक म्हणून हेमलॉकच्या बुंध्याशी कीटकनाशक ओतण्यात घालवतो. मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही. माझी पदवी इंजिनिअरिंगची आहे. तेव्हा हा लेख तटस्थ आढावा वगैरे समजू नका. मी एक बाजू घेतलेली आहे आणि ती का घेतली एवढंच सांगायचं आहे.

आधी नावाचा घोळ. हेमलॉक म्हटलं की आपल्याला सॉक्रेटिसचा विषाचा प्याला आठवतो. ती वनस्पती गाजर-कोथिंबिरीच्या कुळातली. हे झाड वेगळंच आहे: सूचिपर्णी, सदाहरित, पाइन-देवदाराच्या गोतावळ्यातलं. शास्त्रीय नाव त्सुगा, आणि हा शब्द मुळात जपानी. (हे लक्षात ठेवा, जपान पुढे येणार आहे.) पूर्व अमेरिकेत त्याच्या दोन जाती. एक ईस्टर्न हेमलॉक, कॅनडाच्या नोव्हा स्कोशियापासून खाली जॉर्जिया-अलाबामापर्यंत पसरलेली. दुसरी कॅरोलायना हेमलॉक, जी फक्त दक्षिण ॲपलेशियन डोंगरांच्या एका छोट्या पट्ट्यात सापडते. ईस्टर्न हेमलॉक आठशे वर्षांहून अधिक जगू शकतं. पेनसिल्व्हेनियाने १९३१ साली त्याला राज्यवृक्ष केलं.

आपल्याकडची मंडळी ऑक्टोबरात ब्लू रिज पार्कवेला गाड्या घेऊन ‘फॉल कलर्स’ बघायला जातात, तेव्हा मेपलचे फोटो काढतात. हेमलॉक रंग बदलत नाही, म्हणून कुणी त्याचा फोटो काढत नाही. पण त्या जंगलातली गार, काळोखी सावली बहुतांशी त्याची असते. हेमलॉकखाली इतका कमी प्रकाश पोचतो की फार थोडं काही तिथे उगवतं. हेमलॉकची स्वतःची रोपं मात्र त्या अंधारात कित्येक दशकं नुसती तग धरून, वर जागा मोकळी व्हायची वाट बघत राहतात. ओढ्याकाठी ही झाडं असली की उन्हाळ्यात पाणी थंड राहतं, आणि ब्रूक ट्राउट नावाच्या माशाला थंड पाणीच लागतं. हिवाळ्यात बर्फ फांद्यांवर अडकतं, म्हणून हरणं खाली आसऱ्याला येतात. काही पक्षी घरट्यांसाठी हेमलॉकलाच पसंती देतात. परिसंस्थाशास्त्रात अशा जातीला पायाभूत जाती म्हणतात. त्याचा व्यावहारिक अर्थ एवढाच की ती गेली तर तिच्या जागी दुसरं झाड येतं, पण ते जंगल येत नाही. न्यू इंग्लंडमध्ये तिच्या जागी बर्च येतो, दक्षिणेकडे ओढ्याकाठी ऱ्होडोडेंड्रॉनची जाळी माजते. हिरवं दोन्हीकडे दिसतं. पाण्याचा, सावलीचा, मातीचा हिशेब बदललेला असतो.

आता त्याला मारणारा. इंग्रजीत हेमलॉक वूली अडेल्जिड. ऊसपट्ट्यातल्या माणसाला मी सरळ ‘हेमलॉकचा लोकरी मावा’ सांगतो. तो लगेच समजतो. हा कीटक माव्याच्या नात्यातलाच आहे, आकाराने जेमतेम एक मिलिमीटर, आणि स्वतःभोवती पांढरी मेणाची लोकर विणून फांदीच्या खालच्या बाजूला, पानाच्या देठाशी बसतो. एकदा बसला की हलत नाही. अंगापेक्षा लांब अशी सुईसारखी सोंड फांदीत खुपसतो आणि लाकडातल्या ज्या पेशींमध्ये झाडाने पिष्टमय अन्न साठवलेलं असतं, तिथपर्यंत ती नेतो. म्हणजे हा वाहता रस चोरत नाही, साठवण रिकामी करतो. झाड नवे कोंब फोडायचं थांबवतं, पानं करडी होऊन गळतात, आणि साधारण चार ते दहा वर्षांत झाड मरतं. काही जास्त टिकतात. उपचार न होता बरी होणारी फार विरळा.

पूर्व अमेरिकेत या किड्याचे सगळे टिकणारे जीव माद्या आहेत. नराशिवाय अंडी घालतात, वर्षाला दोन पिढ्या, आणि हिवाळी पिढीची एक मादी तीनशेपर्यंत अंडी देऊ शकते. आमच्या धंद्यात ज्याला ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतात तो या प्राण्यात शोधून सापडत नाही. नव्या जंगलात एक पिल्लू पुरतं. ते पिल्लू वारा नेतो, पक्ष्याचे पाय नेतात, तुमचं जॅकेट नेतं. वर आणखी खोडी अशी की हा उन्हाळ्यात झोपतो आणि थंडीत खातो, म्हणजे इतर कीटकभक्षक गारठून पडलेले असतात तेव्हा याची पंगत बसते.

तर या किड्याबद्दल ‘निसर्ग बघून घेईल’ म्हणणाऱ्यांचे चार युक्तिवाद मला भेटतात. एकेक घेतो.

‘हेही नैसर्गिकच आहे’

नाही. पूर्वेकडे हा किडा १९५१ साली व्हर्जिनियातल्या रिचमंडजवळ पहिल्यांदा आढळला. जनुकीय तपासणीत त्याचं मूळ दक्षिण जपानात सापडलं. शोभेसाठी आणलेल्या जपानी हेमलॉकबरोबर तो आला असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. जपानात तो तिथल्या हेमलॉकवर राहतो आणि झाडं मरत नाहीत, कारण त्या झाडांनी आणि त्याच्या शत्रूंनी त्याच्याबरोबर हजारो वर्षं काढली आहेत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरही त्याचाच एक वेगळा वंश जुन्या काळापासून आहे आणि तिथलं हेमलॉकही ठणठणीत आहे. पूर्वेकडच्या झाडांनी मात्र हा प्राणी कधी पाहिलेलाच नव्हता.

आणि ही एकट्याची गोष्ट नाही. १८६० ते २००६ या काळात अमेरिकेत येऊन जंगलांचं नुकसान करणाऱ्या परदेशी कीटक-रोगांपैकी सुमारे ७० टक्के जिवंत रोपांच्या आयातीतून आले असावेत, असा अभ्यास आहे. चेस्टनटचा करपा १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात दिसला आणि पुढच्या पाचेक दशकांत अब्जावधी झाडं गेली. यात कुठेही उल्का पडलेली नाही की हिमयुग आलेलं नाही. कुणालातरी बागेत वेगळं झाड हवं होतं, कुणीतरी ते विकलं.

हे रोखता येत नव्हतं असंही नाही. १९१० साली जपानने वॉशिंग्टनला दोन हजार चेरीची झाडं भेट पाठवली. तपासणीत त्यांत किडे आणि सूत्रकृमी निघाले. दोन देशांच्या मैत्रीचा मामला होता, तरी अध्यक्ष टॅफ्ट यांच्या संमतीने सगळी झाडं जाळली. काय झालं? युद्ध झालं का? १९१२ मध्ये जपानने तीन हजारांवर निरोगी झाडं पुन्हा पाठवली, आणि आज वसंतात लोक जो चेरीचा बहर बघायला जातात तो त्यांच्यापासून सुरू झाला. त्याच वर्षी अमेरिकेने वनस्पती-क्वारंटाइनचा कायदा केला. म्हणजे काय करायचं हे शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होतं. पुढे व्यापार वाढला, तपासणी त्या मानाने वाढली नाही. त्याला ‘निसर्ग’ म्हणणं म्हणजे बिल दुसऱ्याच्या नावावर फाडणं.

‘हेमलॉक याआधीही गेलं होतं, परत आलं’

हा युक्तिवाद वाचलेल्या माणसाचा असतो, म्हणून जरा आदराने घेतो. तळ्यांच्या गाळातल्या परागकणांवरून कळतं की सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी हेमलॉक पूर्वेकडून झपाट्याने कमी झालं होतं. कारणाबद्दल वाद आहे. दुष्काळ म्हणतात, कीड म्हणतात. पुढे ते सावरलं हेही खरं.

पण सावरायला हजाराहून जास्त वर्षं लागली. ‘परत आलं’ या दोन शब्दांत ती सगळी शतकं गडप होतात. शिवाय तेव्हा हेमलॉकसमोर अखंड जंगल होतं. आता मध्ये हायवे आहेत, मॉल आहेत, आणि एकोणिसाव्या शतकातल्या कत्तलीतून उरलेली झाडं आहेत. त्या शतकात कातडी कमावायला टॅनिन लागायचं म्हणून न्यूयॉर्कच्या कॅट्स्किल डोंगरांत हेमलॉक तोडून, फक्त साली सोलून, खोडं बहुतेक वेळा तिथेच कुजत टाकली. तिथल्या टॅनर्सव्हिल गावाचं नाव त्याच धंद्यावरून आलंय. ज्या दुर्गम घळींमध्ये कुऱ्हाड पोचली नाही तिथली जुनी झाडं वाचली. आणि किडा नेमका तिथे पोचला आहे. पूर्वी ज्या पिशव्यांतून हेमलॉक पुन्हा पसरलं असेल, तशा पिशव्याच या खेपेला आधी रिकाम्या होतायत.

याच युक्तिवादाची दुसरी फांदी म्हणजे ‘कडक थंडी त्याला मारेल’. मारतेच. शून्याखाली पंचवीस-तीस अंश गेलं की बहुतेक मरतात. पण हिवाळे सौम्य होत चाललेत, आणि किडा उत्तरेकडे सरकत २०१७ साली नोव्हा स्कोशियात सापडला. थंडीच्या भरवशावर बसलेल्यांनी थर्मामीटर बघावा.

‘पण केमिकल?’

खरं भांडण इथे आहे. आम्ही जे ओततो ते इमिडाक्लोप्रिड. द्राक्ष-डाळिंब करणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना हे नाव पाठ आहे. निओनिकोटिनॉइड गटातलं औषध; मधमाश्यांच्या नुकसानीमुळे युरोपियन युनियनने २०१८ मध्ये त्याचा उघड्यावरचा वापर बंद केला. मधमाश्यांची काळजी करणाऱ्यांना मी येडे समजत नाही, आणि शेकडो एकर सोयाबीन-मक्याच्या बियाण्याला सरसकट हे औषध चोळायला माझाही विरोध आहे.

पण वापर बघा. छातीच्या उंचीवर झाडाचा व्यास मोजायचा, त्यावरून मात्रा ठरवायची. बुंध्याभोवतीचा पालापाचोळा बाजूला करायचा, मोजून पाण्यात मिसळलेलं औषध मुळांशी ओतायचं, पाचोळा पुन्हा वर ओढायचा, झाडावर खूण करायची, नोंद करायची. फवारा नाही, हवेत काही उडत नाही. एकरी वर्षाला किती औषध वापरायचं याला कायद्याने मर्यादा आहे, त्यामुळे दाट झाडी असेल तर सगळी एका वर्षात करताच येत नाहीत. ओढ्याच्या अगदी काठी ओतत नाहीत. तिथे खोडाला टोचून किंवा सालीवर लावून देण्याचे मार्ग आहेत. एकदा दिलं की पाच-सात वर्षं झाड सुरक्षित राहतं. आणि हेमलॉकचं परागण वारा करतो. मधमाशीला त्याच्या फुलाकडे बोलावणारा मध तिथे नसतो.

धोका शून्य आहे का? नाही. पाण्यातल्या किड्यांना हे औषध वाईट आहे, झाडावरचे इतर रसशोषक कीटकही मरतात, मातीत ते काही काळ राहतं. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बोला ना. झाड मेलं की ओढ्यावर ऊन येतं, आणि ज्या पाण्यातल्या किड्यांची काळजी आपण करतोय त्यांचं पाणी तापतं. केमिकल नको म्हणणारा माणूस स्वच्छ जंगल निवडत नसतो, मेलेलं जंगल निवडत असतो. ते त्याने उघडपणे निवडावं, एवढंच माझं मागणं आहे.

इथे मला आजोळचा संदर्भ द्यावाच लागतो. २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा होतो. मला आठवतं ते ऐकीव. वाळव्याकडचे आमचे मामा अजून सांगतात, पानं खालून पांढरीफटक आणि वरून चिकट-काळी, आणि माणसं दिसेल ते औषध फवारत सुटलेली. उसाच्या उंच पिकात फवारा नीट पोचत नाही, आणि जो पोचतो तो माव्याला खाणाऱ्या किड्यांनाही मारतो. शेवटी उपयोगी पडले ते कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक. एका शेतातून दुसऱ्या शेतात ते सोडले गेले, ‘फवारू नका’ म्हणून सांगितलं गेलं, आणि काही हंगामांत मावा आटोक्यात आला.

मामांना मी इकडचं काम सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “अरे, मग तू औषध का ओततोस? किडं सोड की.” प्रश्न बरोबर आहे आणि उत्तरही आहे. उसावरच्या माव्याचे शत्रू आपल्या देशातच होते. पूर्व अमेरिकेत हेमलॉकच्या माव्याला आवरणारा एकही नव्हता. दुसरं म्हणजे, आडसाली ऊस झाला तरी दीड वर्षाचं पीक. एक हंगाम गेला तर घर कर्जात जातं, हे दुःख मी लहान करत नाही. पण कांड्या पुन्हा लावता येतात. तीनशे वर्षांच्या झाडाची लावण पुढच्या आडसालीला होत नाही. वाळव्यात औषध थांबवणं शहाणपणाचं होतं, इथे देणं शहाणपणाचं आहे, आणि दोन्हीकडे ते ठरवलं किड्याकडे नीट बघून. ‘केमिकल चांगलं की वाईट’ असा एकच प्रश्न घेऊन दोन्ही शिवारांत फिरणाऱ्याला दोन्हीकडे काही कळणार नाही.

‘शास्त्रज्ञ काहीतरी काढतीलच’

काढतायत. जपानातून आणलेला एक छोटा भुंगेरा १९९५ पासून सोडला जातोय. पश्चिम किनाऱ्यावरचा लारिकोबियस नायग्रिनस नावाचा भुंगेरा २००३ पासून, त्याचा जपानी भाऊबंद नंतर. लारिकोबियस थंडीत जागा असतो आणि माव्याची हिवाळी पिढी खातो. अडचण अशी की हिवाळी अंडी खाल्ली तरी वाचलेल्यांची पुढची पिढी वसंतात उसळते, तेव्हा तो नसतो. म्हणून आता पश्चिमेकडच्या काही माश्या आणून ती फट बुजवायचा प्रयत्न चालू आहे. कॉर्नेल विद्यापीठात यावर चांगलं काम होतंय. मला या वाटेवर खरोखर विश्वास आहे. दीर्घकाळाचं उत्तर तेच.

पण भुंगेऱ्याला खायला मावा लागतो, माव्याला जिवंत झाड लागतं. झाडं गेल्यावर आलेला भुंगेरा काय करणार? शिवाय ज्या झाडांत थोडीफार प्रतिकारशक्ती असेल ती शोधायलाही झाडं उरायला हवीत. औषध म्हणजे भुंगेरे येईपर्यंतची सोय. आम्ही सॉफ्टवेअरवाले ‘तात्पुरता पॅच’ हा शब्द शिवीसारखा वापरतो, पण सर्व्हर चालू ठेवून मूळ दुरुस्ती करायला वेळ मिळवून देणारा पॅच लावण्यात लाज कसली? ‘काहीतरी काढतील’ म्हणणारा ते काढेपर्यंतची वर्षं कोण भरून देणार हे सांगत नाही.

काहीजण माझ्या तोंडावर हार्वर्ड फॉरेस्टचं नाव फेकतात. तिथले डेव्हिड फॉस्टर आणि डेव्हिड ऑर्विग यांनी २००६ मध्ये मांडलं होतं की काही न करणं हाही रास्त पर्याय असू शकतो. ते पूर्ण वाचा. त्यांचा रोख होता तो मरायच्या आधीच हेमलॉक तोडून लाकूड विकणाऱ्यांकडे. अशी तोड मावा करतो त्याहून जंगलाचं जास्त वाटोळं करू शकते, असं त्यांचं म्हणणं. ते मला मान्य आहे. कुऱ्हाड थांबवायला लिहिलेला मजकूर औषधाचा कॅन थांबवायला वापरणं ही लबाडी आहे.

प्रत्येक झाड वाचवता येणार नाही, हेही मला मान्य आहे. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात २००२ मध्ये मावा सापडला. तेव्हापासून तिथे दोन लाखांहून जास्त झाडांना औषध दिलंय, तरी उंच कड्यांवर करडे सांगाडे उभे दिसतातच. जवळच्या जॉइस किल्मर स्मृतिवनात औषध सगळीकडे वेळेत पोचलं नाही. मेलेले प्रचंड हेमलॉक पायवाटेवरच्या लोकांवर पडतील या भीतीने २०१० साली वनखात्याने ते स्फोटकं लावून पाडले. करवतीने कापले असते तर जुन्या वनात सपाट बुंधे दिसले असते. ते वादळाने पडल्यासारखे, नैसर्गिक दिसावेत म्हणून स्फोटकं. शतकानुशतकं उभं राहिलेलं झाड माणसाने आणलेल्या किड्याने मरू द्यायचं आणि शेवटी सुरुंग लावून ‘नैसर्गिक’ दिसेल असं पाडायचं. निसर्ग बघून घेतो तो असा.

म्हणून निवड करावी लागते: कुठली घळ, कुठला ओढा, कुठली शंभर झाडं. ती निवड क्रूर आहे, आणि दर पाच-सात वर्षांनी त्याच झाडाकडे परत जावं लागतं. पैसे लागतात, पाठ दुखते. झाड फार खंगल्यावर दिलेलं औषध वर चढतच नाही, म्हणून पुढच्या वर्षी बघू हेही चालत नाही. मी ज्या घळीत जातो तिथे खुणा केलेली एकशे बारा झाडं आहेत. त्यांना पुढचा डोस कधी द्यायचा याची स्प्रेडशीट मीच ठेवतो.

पूर्व अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना माझं सांगणं साधं आहे. अंगणात किंवा नेहमीच्या ट्रेलवर हेमलॉक असेल तर हिवाळ्यात किंवा वसंताच्या सुरुवातीला खालची फांदी उलटी करून बघा. पानांच्या देठाशी कापसाचे बारीक गोळे दिसले तर राज्याच्या वनखात्याला कळवा. झाड हिरवं असेल तर अजून वेळ आहे. मार्चनंतर हेमलॉकला टांगलेले पक्ष्यांचे दाणे काढून ठेवा, कारण पिल्लं पक्ष्यांच्या पायांना चिकटून हिंडतात. नर्सरीतून परदेशी झुडूप घेताना ते कुठून आलं हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका. आणि निवडणुकीच्या वर्षी कुणी ‘कृषी तपासणीवरचा वायफळ खर्च’ कापायची भाषा केली, तर १९१० मधल्या त्या जळलेल्या चेरींची आठवण करून द्या.

आमच्या त्या पिकनिकवाल्या काकांना मी येत्या जानेवारीत घळीवर बोलावलंय. ते येतो म्हणालेत. बादल्या उचलायला माणसं कमीच पडतात.